आपला फोटो आपलाच दिसावा म्हणून

सप्टेंबरात कास पठारावर जाऊन आलेल्या दहा जणांचे फोटो एकत्र केले, तर कुठला कुणाचा हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. खाली तेरड्याचा गुलाबी पट्टा, वर ढग, मध्ये छत्री घेतलेलं कुणीतरी. सांगलीत तेच आयर्विन पूल आणि सूर्यास्ताचं. या फोटोंत चूक अशी काही नसते. उजेड बरोबर, क्षितिज सरळ. पण जागा ठरलेली, उभं राहायची वाट ठरलेली, वेळ ठरलेली आणि फोनची लेन्सही सगळ्यांची जवळपास सारखी, मग फोटो वेगळा निघणार कुठून?

फोटो काढणाऱ्याच्या हातात चार गोष्टी असतात: उभं कुठं राहायचं, चौकटीबाहेर काय ठेवायचं, बटण कधी दाबायचं आणि काढलेल्यांतला कुठला ठेवायचा. पहिल्या तीन गोष्टींवर शिकवणारे ढीगभर. चौथीकडं फारसं कुणी बघत नाही, आणि स्वतःची नजर सापडते ती बहुतेक तिथंच. पुढचा कार्यक्रम सुमारे चार महिन्यांचा आहे. साधा फोन किंवा सुरुवातीचा कॅमेरा पुरतो.

विषय: सायकलीनं गाठता येईल असा

आधी एकच विषय धरा. तो घरापासून पंधरा-वीस मिनिटांत गाठता आला पाहिजे, कारण तिथं आठवड्यातून दोनदा जायचं आहे. वर्षातून एकदा जायच्या ठिकाणी आपण पाहुणेच राहतो, आणि पाहुण्याच्या नजरेला सगळ्यांना दिसतं तेवढंच दिसतं.

सांगली-मिरजेकडं विषयांना तोटा नाही. मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, मिरजेची सतारमेकर गल्ली, तासगाव भागातल्या बेदाण्याच्या शेड, गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या. साताऱ्याच्या मंडळींनी कास एक वर्ष बाजूला ठेवावं. संगम माहुलीची देवळं आहेत, लिंबची बारा मोटांची विहीर आहे, मोती चौकातली दुकानं आहेत.

विषय पक्का करण्याआधी तीन गोष्टी तपासा. तिथं काहीतरी घडत राहतं का? सकाळ-दुपार-संध्याकाळ उजेड बदलतो का? आणि पुन्हा पुन्हा येणारा माणूस तिथल्या लोकांना चालेल का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच विषय बाद होतात. नदीघाट हे सोपं उदाहरण: तिथं लोक आंघोळ करतात, बायका धुणं धुतात. घाट हवाच असेल तर पायऱ्या, पाणी, नावा आणि दिवे घ्या. आंघोळीच्या वेळी कॅमेरा पिशवीतच बरा. पावसाळ्यात आणखी एक पथ्य पाळा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. आकडा चाळिशीकडं सरकतोय अशी बातमी आली की काठावर उतरायचं नाही, फोटो कितीही भारी मिळणार असला तरी.

इथून पुढं उदाहरणाला दोन जागा धरू: यार्डातली हळद आणि मिरजेतलं तंबोऱ्याचं दुकान. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली. त्यामुळं दोन्हीकडं कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची ये-जा वाढली आहे. नवशिक्याला या जागा त्यामुळं अवघड जातात, आणि सरावाला म्हणूनच चांगल्या.

एक लेन्स, एक चौकट

झूम करणं बंद. फोनवर २x किंवा १x यातलं एक निवडा आणि चार महिने तेच ठेवा. बहुतेक फोनांचा १x हा जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबात २४ ते २६ मिमीचा आणि २x साधारण ५० मिमीचा असतो. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची किट लेन्स असेल तर ती ३५ मिमीवर आणून रिंगला वायरमनची काळी टेप गुंडाळा. क्रॉप सेन्सरवर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर) तेही ५० मिमीच्या जवळपास जातं.

हे कशाला, तर अंदाज बसावा म्हणून. ५० मिमीच्या आडव्या फ्रेममध्ये अंतराच्या पाऊणपटीपेक्षा किंचित कमी रुंदी मावते. दहा फुटांवर उभे राहिलात तर सात फुटांची भिंत, पाच फुटांवर साडेतीन फूट. फोनच्या १x वर हीच रुंदी अंतराच्या सव्वा ते दीडपट असते. दोन-तीन आठवड्यांत कॅमेरा वर न उचलताच फ्रेम दिसायला लागते आणि मग डोकं लेन्समध्ये अडकत नाही, समोरच्या माणसाकडं राहतं. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँनं आपलं बरंचसं काम एका ५० मिमी लेन्सवर केलं. आपल्याकडच्या छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी चौकोनी कृष्णधवल फ्रेमवर वर्षानुवर्षं काम केलं. छायाचित्रकार रघुवीर सिंह यांनी तर अँबॅसेडर गाडीची दारं, काचा आणि आरसे यांचीच चौकट करून रंगीत भारत दाखवला. बंधन तिघांचंही होतं आणि ते त्यांनी स्वतः घालून घेतलं होतं.

फोनची तयारी पाच मिनिटांची. ग्रिड चालू करा. फ्लॅश, ब्यूटी, फिल्टर आणि पोर्ट्रेट मोड बंद करा. पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी पुसतो, आणि फ्रेम बांधायला आपल्याला पार्श्वभूमीच शिकायची आहे. आकार ४:३ ठेवा. १६:९ घेतला तर बहुतेक फोन वरचा-खालचा भाग नुसता कापून टाकतात. कॅमेऱ्यावर ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आत एफ ५.६ आणि उन्हात एफ ८, ऑटो आयएसओची (सेन्सरच्या संवेदनशीलतेची) कमाल ३२००, शटरचा किमान वेग १/१२५. एवढं लावून सेटिंग विसरून जा.

एक वही ठेवा. रोज चार ओळी: कुठं उभे होतो, किती अंतरावर, उजेड कुठून होता, मुद्दाम काय बाहेर ठेवलं. शेवटची ओळ लिहायचा कंटाळा येतो. नेमकी तीच पुढं कामाला येते.

पहिला पंधरवडा: ठरलेले फोटो उरकून टाका

डोक्यात आधीपासून बसलेले फोटो काढल्याशिवाय जात नाहीत, त्यामुळं ते आधी काढून घ्या. यार्डात ढिगाशेजारी हसणारा हमाल, ओंजळीतली हळकुंडं, पोत्यांची थप्पी. मिरजेत भोपळ्यांची ओळ आणि सुरकुतलेल्या हातांचा क्लोजअप. (सुरकुतलेले हात हा आपल्याकडचा साथीचा रोग आहे.) पंधरा दिवसांनी या सगळ्यांची वहीत यादी करा आणि वर लिहा: झाले. यादीतला फोटो पुन्हा समोर आला तर कॅमेरा खाली. मग तिथं करायचं काय हा प्रश्न पडतो, आणि खरं काम त्या प्रश्नापासून सुरू होतं.

उभं कुठं राहायचं

फोटो चांगला की वाईट हे बऱ्याचदा दोन पावलांवर ठरतं. दुकानात नवखा माणूस शिरतो, दारातच थांबतो, डोळ्याच्या उंचीवरून एक फोटो काढतो आणि तिथूनच झूम करतो. कारागीर जमिनीवर बसलेला असतो. वरून घेतलेल्या फोटोत त्याचं डोकं मोठं, पाय छोटे आणि मागं सगळी फरशी येते.

हे करून पाहा. कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतोय, म्हणजे तारा नीट गुंजाव्यात म्हणून घोडी (तारांखालची पट्टी) घासतोय असं धरा. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडून ऐकायचं, पुन्हा फिरवायची. या कामात तास-दीड तास सहज जातो, त्यामुळं घाई नाही.

पहिल्यांदा दारापाशी, दहा-बारा फुटांवर राहा. ५० मिमीत इथून सात-आठ फुटांचा पट्टा मिळतो: माणूस, आडवा तंबोरा, मागची भिंत, भिंतीवर टांगलेल्या दांड्या. इथं प्रश्न जागेचा असतो. माणूस या पसाऱ्यात किती छोटा दिसायला हवा?

मग पाच फुटांवर या आणि जमिनीवर बसा. लेन्स जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, त्याच्या हातांच्या पातळीला आणा. आता तंबोऱ्याचा भोपळा पुढं येऊन मोठा होतो आणि माणूस त्याच्या मागं जातो. डावीकडं फक्त एक फूट सरका: मघाशी भोपळ्यानं झाकलेला चेहरा मोकळा होतो, पण हात झाकले जातात. पुन्हा उजवीकडं या. हात दिसतात, चेहऱ्याची कडा भोपळ्याच्या गोलाईला चिकटते. दोन आकार असे नुसते कडेला कडा लावून बसले की फोटो चपटा वाटतो. ते एकमेकांवर नीट चढू द्या, नाहीतर मधून बोटभर फट दिसू द्या.

शेवटी दोन फुटांवर. इथं कानस, घोडी, तार आणि दोन बोटं एवढंच मावतं. बऱ्याच लेन्सना एवढ्या जवळ फोकस होतं, पण फोन आपण होऊन दुसऱ्या लेन्सवर उडी मारू शकतो. पडद्यावरचं चित्र एकदम सरकलं तर समजा की लेन्स बदलली. अर्धा फूट मागं या.

एक गैरसमज मात्र काढून टाका. फोननं जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं दिसतं त्याला लेन्स जबाबदार नसते, अंतर असतं. फुटभरावरून नाक कानापेक्षा खूपच जवळ असतं. चार-पाच फूट मागं गेलं की हा फरक राहत नाही. लेन्सनं फक्त किती मावतं ते ठरतं. वस्तूंची एकमेकांशी सांगड तुम्ही कुठं उभे आहात यावर ठरते. हे एकदा अंगवळणी पडलं की झूमचा मोह आपोआप कमी होतो.

दर वेळी या तिन्ही अंतरांवरून काढा, प्रत्येकी दोन उंचींवरून. सहा जागा झाल्या. सुरुवातीला हे कवायतीसारखं वाटेल. वाटू द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय आपोआप एखाद्या जागेकडं वळायला लागतात. कुठल्या, ते वहीत टिपा.

कडा

बटण दाबण्याआधी नजर चारही कोपऱ्यांतून फिरवा. दोन सेकंदांचं काम. कोपऱ्यातली अर्धी चप्पल, वरून घुसलेली वायर, कापलेली कोपरं हे सगळं मोक्याच्या क्षणी दिसत नाही, कारण डोळा मधोमध रुतलेला असतो. माणूस कापायचाच असेल तर सांध्यावर कापू नका. मांडीवर कापलेला चालतो, गुडघ्यावर कापलेला लंगडा वाटतो.

तिसऱ्या भागाचा नियम, म्हणजे ग्रिडच्या रेघांवर विषय ठेवणं, शिकून घ्या आणि मग त्याचं फार मनावर घेऊ नका. एकच तंबोरा मधोमध उभा ठेवून दोन्हीकडं मोकळी भिंत सोडली तर फोटो भारदस्त होतो. तोच कडेला ढकलला तर उरलेल्या जागेत काहीतरी यायचं आहे असं वाटतं. दोन्ही बरोबर, अर्थ वेगळा. मोकळी जागा किती सोडता यावरून फोटो काढणारा चटकन ओळखू येतो.

उजेड आणि हळदीचा पिवळा

आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळं कोवळं ऊन फार वेळ टिकत नाही. मार्चमध्ये सांगलीत सूर्योदय पावणेसातच्या आसपास. तासाभरानं सावली वस्तूच्या उंचीच्या चौपट असते, दोन तासांनी दुपटीहून कमी. म्हणजे लांब सावल्यांचा खेळ पावणेआठ-आठला आटोपला. नंतर शेडमध्ये, वखारीत, दारातून आत येणाऱ्या उजेडात काम करा. भर दुपारीसुद्धा पत्र्याच्या शेडखाली एका बाजूनं येणारा उजेड मऊ असतो.

नदीचं गणित सोपं आहे. सांगलीच्या काठावरून पलीकडं सांगलीवाडीकडं पाहिलं की तोंड पश्चिमेला होतं. सकाळी ऊन पाठीवर, पलीकडचा काठ उजळलेला. संध्याकाळी ऊन समोर, माणसं-नावा काळ्या. समोरच्या उजेडात तपशील जातो आणि आकार उरतात. मग आकार सुटे दिसले पाहिजेत: माणसाचं डोकं पुलाच्या रेघेला चिकटलं तर तो खांबाचाच भाग वाटतो. कॅमेरा वीतभर खाली घ्या, डोकं रेघेच्या वर आभाळात जाईल.

आता हळद. सौद्यासाठी ढीग ओतले की फ्रेमचा अर्ध्याहून जास्त भाग पिवळा होतो, आणि इथं कॅमेरा हमखास फसतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणाऱ्या सेटिंगला) वाटतं उजेडच पिवळा आहे. तो निळा ओततो. हळद फिकट लिंबासारखी आणि माणसांचे सदरे निळसर दिसायला लागतात. उपाय: व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, किंवा आकडा देता येत असेल तर ५२०० ते ५५०० केल्विनवर बांधून टाका. शेडमध्ये ट्यूबलाइट आणि बाहेरचं ऊन दोन्ही असेल तर ट्यूबकडं पाठ करा किंवा ती बंद करायला सांगा. मिसळलेला उजेड नंतर दुरुस्त करणं फार अवघड जातं.

दुसरी गोम एक्स्पोजरची, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा याची. गडद पिवळ्यात लाल रंगाची नोंद आधी काठोकाठ भरते. फोटो एकूण बरोबर उजळ दिसतो, पण हळकुंडांच्या रेषा गेलेल्या असतात आणि ढीग सपाट रंगासारखा दिसतो. रंगवार हिस्टोग्राम (प्रत्येक रंगाच्या उजेडाचा आलेख, उजवं टोक सगळ्यात उजळ) बघा. लाल उजवीकडं आपटत असेल तर एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणा. फोनवर ढिगावर बोट दाबून धरा, लॉक झालं की बोट थोडं खाली ओढा. घरी आल्यावर सॅच्युरेशनला हात लावू नका. हळद आहे, तिला आणखी पिवळं करायची गरज नाही.

ओतताना, पाखडताना धूळ उडते. ती मागून उजेड आला तरच दिसते आणि मागं गडद भिंत किंवा सावली असेल तर उठून दिसते. शटर १/५०० ला कण गोठतात, १/६० ला धूर होतो. हातांची हालचाल ठेवायची तर १/१५, कॅमेरा पोत्यावर टेकवून. हीच धूळ कॅमेऱ्यात शिरते. यार्डात लेन्स बदलायची नाही. काचेवर बसलेली धूळ आधी ब्लोअरनं उडवायची, कापड नंतर, नाहीतर ओरखडे. कॅमेऱ्याचा पट्टा आणि पांढरा सदरा यांचा नाद सोडून द्या. (सदऱ्यावरचा डाग उन्हात टाकला की फिका पडतो, पट्ट्याचा कायम.)

पिवळा डोईजड होतोय असं वाटलं तर एक आठवडा फोनचा मोनो फिल्टर लावून काढा. फिल्टर बंद ठेवायचा म्हणून वर सांगितलं आहे, त्याला हा एवढाच अपवाद. रंग गेल्यावर ज्या फ्रेममध्ये काहीच उरत नाही, त्या फ्रेममध्ये फक्त रंगच होता.

माणसं

पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवून जा. यार्डात अडत्याला आणि मुकादमाला, दुकानात मालकाला सांगा की तीन-चार महिने अधूनमधून येणार. "मामा, फोटो काढला तर चालेल का?" एवढं पुरतं. नको म्हटलं तर विषय संपला. लहान मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय नाहीत. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाच्या वाटेत उभं राहायचं नाही. त्याला थांबता येत नाही. सौदा चालू असताना अडत्या आणि खरेदीदार यांच्या मधे तर अजिबात शिरायचं नाही.

पहिल्या पंधरवड्यातल्या फोटोंचे प्रिंट त्या त्या माणसाला नेऊन द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो विसरला जातो. प्रिंट दुकानात काचेमागं लागतो आणि पुढच्या वेळी तुमच्याकडं कुणी वळून बघत नाही. ते वळून न बघणं हेच हवं असतं. कॅमेऱ्याकडं बघून हसणाऱ्यांचे फोटो संपले की कामात बुडालेल्या माणसांचे सुरू होतात.

साठ प्रिंट, एक सतरंजी

दोन महिने झाले की थांबा. एव्हाना हजारभर फोटो झाले असतील. त्यातून साठ निवडा. एका बैठकीत करू नका. पहिल्या दिवशी दीडशे, चार दिवस सोडून साठ. फोटो स्टुडिओत ४ बाय ६ आकारात, मॅट कागदावर प्रिंट करून घ्या. पडद्यावर हे काम होत नाही: तिथं एकावेळी एकच फोटो दिसतो, आणि आपल्याला साठ एकदम बघायचे आहेत.

सतरंजीवर सगळे मांडा. पहिल्या फेरीत आठवणीचे फोटो काढून टाका. ज्या फोटोबद्दल सांगताना "त्या दिवशी ना..." असं तोंडात येतं, तो बहुधा आठवणीचा. त्या दिवशी पाऊस होता, चहा मिळाला, मामा गाणं म्हणत होते. फोटोत यातलं काहीच नाही. हे फोटो टाकताना जीव तुटतो. वेगळ्या पाकिटात ठेवा, पण सतरंजीवर नकोत.

दुसऱ्या फेरीत उरलेले सगळे उलटे करा, डोकी खाली पाय वर. विषय दिसेनासा होतो आणि आकार, वजन, मोकळी जागा दिसायला लागते. कुठला फोटो उलटाही तोलून उभा राहतो ते बघा.

तिसरी फेरी महत्त्वाची. फोटोंचे गट करा, पण "माणसं", "वस्तू", "बाजार" असे नाही. फोटो कसा केलाय यावरून करा. जवळून की लांबून? कॅमेरा खाली की वर? फ्रेम भरलेली की मोकळी? माणूस बघतोय कुठं? मध्ये काही आडवं आलंय का, दार, खांब, दांडी? उजेड कडेनं की समोरून? प्रत्येक प्रश्नासाठी प्रिंट नव्यानं मांडा आणि मोजा. साठांपैकी चाळीसेक फोटो एका बाजूला पडले, तर काहीतरी हाती लागलंय. पंचवीस-तीसवर अडलं तर त्या प्रश्नातून काही निघत नाही, पुढच्याकडं वळा.

हे करताना दुसऱ्या एखाद्या माणसाला बसवा, फोटोग्राफर नसलेला असेल तर उत्तम. त्याला "कुठला आवडला" विचारू नका. "यातले एकाच माणसानं काढल्यासारखे कुठले वाटतात?" असं विचारा. उत्तरं चक्रावून टाकणारी येतात. चाळीसमधली बहुतेक माणसं पाठमोरी आहेत, किंवा बरेच फोटो कशाच्या तरी आडून काढलेत, हे आपल्याआधी त्याला दिसतं.

सवय की कल

आता घोटाळा असा की वारंवार आलेली गोष्ट ही आपली नजर असेलच असं नाही. ती नुसता आळसही असू शकतो. चाळीस फोटो उभ्यानं काढलेत, त्याचं कारण गुडघे दुखतात एवढंच असेल. सगळे लांबून आहेत, कारण जवळ जायची भीड वाटते. सगळी माणसं पाठमोरी आहेत, कारण विचारायला लाज वाटते. ही सवय. कल म्हणजे ज्याकडं आपण सोय नसतानाही वळतो ते.

दोन्ही ओळखायला दोन आठवडे नेमकं उलटं करा. लांबून काढत असाल तर तीन फुटांच्या पलीकडं जायचंच नाही. फ्रेम मोकळी ठेवत असाल तर ठासून भरा. पाठमोरी माणसं घेत असाल तर फक्त चेहरे, तेही विचारून. दोन आठवड्यांनी वीस प्रिंट काढा आणि जुन्यांशेजारी ठेवा.

उलटे फोटो जास्त जिवंत निघाले, तर जुनी गोष्ट सवय होती, सोडून द्या. उलटे फोटो नीट जमूनही परके वाटले, आणि काढताना पुन्हा पुन्हा मागं सरकावंसं वाटत होतं, तर तो कल. वहीतली "काय बाहेर ठेवलं" ही ओळ इथं वाचा. सतत एकच गोष्ट बाहेर ठेवलेली आढळते: कुणाच्या वहीत चेहरे, कुणाच्या आभाळ, कुणाच्या गर्दी.

सापडलेला कल एका वाक्यात लिहा, आणि वाक्य कामाचं असू द्या. "मला माणसांतलं माणूसपण टिपायला आवडतं" या वाक्याचा यार्डात उभं राहून काही उपयोग नाही. "मी माणूस फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवतो आणि वर भिंत मोकळी सोडतो, तो काय करतोय ते दिसतं, चेहरा दिसेलच असं नाही" हे वाक्य घेऊन काम करता येतं, मोडताही येतं. उरलेला दीड महिना या वाक्याप्रमाणे काढा आणि दहातला एक फोटो ते मुद्दाम मोडून काढा.

इथं हमखास एक गोष्ट बिघडते. वाक्य सापडलं की प्रत्येक फोटो त्यात कोंबला जातो आणि मिरजेचं दुकान, हरिपूरचा संगम आणि पुतण्याचं बारसं सगळं एकसारखं दिसायला लागतं. समोरची गोष्ट वाक्यात बसत नसेल तर तिला बसवू नका. प्रीसेटचंही तेच. तयार रंगांचा प्रीसेट लावला की शैली आल्यासारखं वाटतं. प्रीसेट काढून टाकल्यावर खाली काय उरतं ते बघा.

बारा फोटो

चौथ्या महिन्याच्या शेवटी बारा निवडा आणि क्रम लावा. पहिला फोटो सगळ्यात भारी नको, दार उघडणारा हवा. दोन सारखे फोटो असतील तर कमी दिखाऊ असलेला ठेवा, तो जास्त वेळ टिकतो. शेजारच्या दोन फोटोंत काहीतरी धागा असू द्या: भोपळ्याची गोलाई आणि पुढच्या फोटोतल्या घमेल्याची गोलाई, एका फोटोत उजवीकडं बघणारा आणि दुसऱ्यात तिकडून येणारा उजेड. बारा प्रिंट आठवडाभर भिंतीवर चिकटवा. जाता-येता जो खटकतो तो काढा, पाकिटातला दुसरा लावून बघा.

ओळी लिहायच्या तर कोरड्या लिहा: जागा, महिना, काम. "मिरज, फेब्रुवारी, जवारी." फोटोत दिसणारं पुन्हा सांगू नका. नाव घालायचं तर त्या माणसाला विचारून.

मग विषय बदला, लेन्स तीच ठेवून. यार्डातून उठून हरिपूरच्या संगमावर जा, किंवा मिरजेच्या गल्लीतून तासगावच्या बेदाणा शेडवर. यार्डात उंच भिंती होत्या म्हणून मोकळी जागा येत होती की तुम्हाला ती हवी होती, हे तिथं कळतं. संगमावर भिंत नाही. तरीही वरचा दोन-तृतीयांश भाग तुम्ही मोकळा सोडताय असं प्रिंटमध्ये दिसलं, तर ती गोष्ट जागेची नव्हती. नाही दिसलं तर टेप काढायची घाई करू नका. आणखी एक महिना त्याच लेन्सवर संगमाचे फोटो काढा आणि पुन्हा साठ प्रिंट सतरंजीवर मांडा.